सत्कार आधी की व्याख्यान आधी? अभ्यासमंडळाच्या मासिक सभेविषयी

नमस्कार. आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: आपल्या जिल्ह्याच्या गावी तीन वर्षांपूर्वी स्थानिक इतिहासाचे अभ्यासमंडळ सुरू झाले, महिन्यातून एक व्याख्यान होते, आणि त्याच सभेत नव्या सभासदांचे शाल-श्रीफळ देऊन स्वागत करण्याची पद्धत पडली आहे. त्यात पाऊण तास जातो, स्वागत आटोपले की सभासदांचे आप्तेष्ट उठून जातात आणि वक्त्याला निम्म्या रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहावे लागते. हा सत्कार बंद करावा, व्याख्यानानंतर ठेवावा, की त्याचा वेगळा कार्यक्रम करावा, असा आपला प्रश्न आहे. अशाच एका लहान मंडळाचा कार्यवाह म्हणून मी सतरा वर्षे सभांच्या नोटिसा काढल्या, सतरंज्या-खुर्च्या मांडल्या आणि इतिवृत्ते लिहिली. त्या अनुभवाच्या आधारे सांगतो.

पाऊण तास जातो ही तक्रार खरीच आहे, परंतु ती आणखी एका गोष्टीतून निघालेली आहे. आपल्या सभेत दोन कार्यक्रम एकमेकांची ओळखदेख नसताना एकाच मांडवात बसवलेले आहेत. नव्या सभासदाचे कुटुंबीय त्याच्या कौतुकासाठी येतात आणि ते कौतुक झाले की त्यांचे तिथले काम संपते. व्याख्यानाशी त्यांचा संबंध नसतो, आणि खरे सांगायचे तर त्या नव्या सभासदाचाही अजून फारसा जुळलेला नसतो. सभासद झाल्याने त्याला काय मिळाले हे शालीवरून सगळ्यांना दिसते, पण त्याने काय पत्करले हे त्या पाऊण तासात कोणीही सांगत नाही. तेव्हा केवळ क्रम बदलून भागणार नाही. सत्कार व्याख्यानानंतर ठेवला तर हीच मंडळी दारात उभी राहून ‘अजून किती वेळ आहे?’ असे विचारत राहतील. आम्ही तोही प्रयोग करून पाहिला आहे.

आमचे डोळे उघडले तो प्रसंग सांगतो. मोडी कागदपत्रांचे एक जाणकार दुसऱ्या जिल्ह्यातून एस.टी.ने आले होते. सभेची वेळ साडेपाचची होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, नऊ नव्या सभासदांचा सत्कार आणि त्यांपैकी तिघांची मनोगते होऊन वक्ते उभे राहिले तेव्हा सात वाजून वीस मिनिटे झाली होती, आणि त्यांची परतीची गाडी आठला होती. एका देशमुख घराण्याच्या वतनाचे चौदा कागद त्यांनी छायाचित्रे काढून, क्रम लावून आणले होते. त्यांतले तीन दाखवून त्यांनी फाईल मिटली आणि ‘उरलेले पुन्हा कधी’ असे हसत म्हणाले. ते ‘पुन्हा कधी’ आले नाही. त्या दिवसाच्या इतिवृत्तात मी सत्कारमूर्तींची नऊ नावे लिहिली आणि व्याख्यानाविषयी दोन ओळी. वही मिटताना माझीच मला लाज वाटली.

त्यानंतर कार्यकारिणीत बराच खल झाला. एक पक्ष म्हणाला, सत्कार ही करमणूक आहे, तो काढून टाका. मी त्या पक्षात नव्हतो आणि आजही नाही. विद्वत्सभेत प्रवेशाचा विधी असणे यात गैर काही नाही; जगातल्या जुन्या संस्थांनी तो कसोशीने सांभाळला आहे. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे उदाहरण घ्या. २८ नोव्हेंबर १६६० रोजी ग्रेशम कॉलेजात क्रिस्टोफर रेन यांचे व्याख्यान झाले आणि ते ऐकून तिथेच थांबलेल्या मंडळींनी ही संस्था काढण्याचे ठरवले. म्हणजे आधी व्याख्यान झाले आणि मग सभासद झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिथे निवडून आलेला सभासद सनदेच्या वहीत सही करतो, अध्यक्ष त्याचा हात हातात घेऊन संस्थेच्या नावाने त्याला प्रवेश दिल्याचे एका वाक्यात जाहीर करतात, आणि विधी संपतो. ज्या वहीत न्यूटन आणि डार्विन यांच्या सह्या आहेत तिच्यातच १९९८ साली निवडून आलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांची सही आहे. त्या सहीपुढे शालीची किंमत काय? विधीचे वजन त्याच्या लांबीवर अवलंबून नसते, आणि त्या वहीत सहीच्या वरती सभासदाने पत्करलेल्या बंधनाचा मजकूर लिहिलेला आहे.

त्याच संस्थेची आणखी एक जुनी रीत मला आमच्या कामासाठी अधिक उपयोगी वाटली. उमेदवाराने कोणते काम केले आहे ते लिहून, त्याला ओळखणाऱ्या सभासदांच्या सह्या घेऊन तो कागद निवडणुकीपूर्वी सभेच्या दालनात टांगून ठेवत असत. मुंबईचे जहाजबांधणीतज्ज्ञ अर्देसर करसेटजी वाडिया हे १८४१ साली निवडून आलेले पहिले भारतीय सभासद. त्यांच्या कागदावर त्यांनी मुंबईत गॅसचे दिवे आणल्याचे आणि साठ टनांचे जहाज बांधून त्यावर वाफेचे यंत्र बसवल्याचे नमूद होते. घराणे, हुद्दा किंवा दानत यांच्यावर भर नव्हता. माणसाने हाताने काय केले ते लिहिलेले होते. आपल्याकडे अर्जाच्या नमुन्यात नाव, पत्ता, शिक्षण, व्यवसाय आणि वर्गणीची पावती एवढेच असते. आम्ही त्यात एक रकाना वाढवला: ‘आपल्या परिसरातील कोणत्या वस्तूचा, वास्तूचा, कागदाचा किंवा माहितीचा आपण अभ्यास करत आहात अथवा करू इच्छिता?’ सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांसह हा अर्ज दोन मासिक सभा होईपर्यंत फलकावर राहतो. या एका रकान्याने अर्ज कमी झाले, हे प्रांजळपणे सांगतो. पहिल्या वर्षी ते निम्म्यावर आले आणि खजिनदार माझ्यावर रागावले होते.

आता प्रत्यक्ष प्रवेश कसा देतो ते सांगतो. व्याख्यानाच्या आधी, सभा उघडल्यावर लगेच, नव्या सभासदाचे नाव पुकारले जाते. तो पुढे येतो आणि हातकागदाच्या बांधीव वहीत, घटना पाळण्याची व मंडळाकडे सोपवलेले कागद जपण्याची हमी देणाऱ्या दोन ओळींखाली सही करतो. (सहीसाठी न फिटणारी शाई वापरा, बॉलपेनच्या सह्या वीस-पंचवीस वर्षांत कशा फिकट होतात हे दप्तरे हाताळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.) अध्यक्ष एक वाक्य बोलतात. याला माणशी दीड मिनिट लागते, आणि एका सभेत चारांहून अधिक प्रवेश आम्ही ठेवत नाही. त्यानंतर त्या चौघांपैकी एक जण सात मिनिटांचे टिपण वाचतो. उरलेल्यांची टिपणे पुढच्या सभांमध्ये ओळीने येतात. विषय अर्जाच्या रकान्यातलाच असतो: घराण्यातला एखादा कागद, गावाच्या वेशीवरची वीरगळ, बंद पडलेल्या पेठेची आठवण, काहीही. मनोगत मात्र नाही. ‘मला हा बहुमान दिल्याबद्दल’ या शब्दांनी सुरुवात झाली की अध्यक्ष हसून टिपणाकडे बोट दाखवतात.

सात मिनिटांत काय होते, असे आपल्याला वाटेल. एक उदाहरण देतो. निवृत्त तलाठी असलेल्या एका गृहस्थांनी पहिल्या टिपणासाठी घरातले एक इनामपत्र आणले. त्यावर ‘छ १५ रजब, सन इहिदे तिसैन मया व अलफ’ असा काळ होता, म्हणजे रजब या मुसलमानी महिन्याची पंधरावी तारीख आणि पुढे अरबी शब्दांत साल. इहिदे म्हणजे एक, तिसैन म्हणजे नव्वद, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, असे फोडून त्यांनी शुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांवर आढळणारी कालगणना) ११९१ बरोबर काढला, त्यात ५९९ मिळवले आणि कागद इसवी सन १७९० चा असल्याचे सांगितले. मागच्या रांगेतून आमचे एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, ‘काका, शुहूर सन मृगाला बदलतो. जून ते डिसेंबरचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. त्या साली रजब मार्चात येतो, तेव्हा आपला कागद १७९१ चा.’ तलाठी क्षणभर गप्प झाले, मग त्यांनी खिशातून पेन काढून टिपणातला आकडा तिथेच खोडला आणि नवा घातला. त्यांची सून आणि दोन नातवंडे समोर बसली होती. मला भीती वाटली की यांचा अपमान झाला. पुढच्या सभेला ते एकटे आले नाहीत, सुनेलाही घेऊन आले, आणि ती आता मोडीच्या वर्गाला बसते. टिपण आणि दुरुस्ती दोन्ही इतिवृत्तात आहेत, दुरुस्ती करणाऱ्याच्या नावानिशी.

आप्तेष्टांच्या उठून जाण्याला उपाय सापडला तो असा. ते कौतुकाला आले होते, आणि आता कौतुक करण्यासारखे काही त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. टिपणाच्या विषयाशी व्याख्यानाचा विषय थोडा तरी जुळवता आला तर बहुतेक जण बसून राहतात. दर वेळी जुळवता येत नाही, आणि तसे झाले तर काही जण उठतात. उठू द्यावे, दार बंद करून विद्या देता येत नाही.

वक्त्याच्या परिचयाविषयी आपण काही विचारलेले नाही, पण आपला पाऊण तास कुठे जातो हे मोजले तर त्यातली दहा-पंधरा मिनिटे इथेच सापडतील. लंडनच्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८२५-२६ च्या सुमारास शुक्रवार-संध्याकाळची व्याख्याने सुरू केली. तिथली परंपरा अशी की घड्याळाचा ठोका पडताच दार उघडते, वक्ता आत येतो आणि ‘सभ्य स्त्रीपुरुषहो’ इतकेही न म्हणता थेट विषयाला हात घालतो, आणि बरोबर एका तासाने थांबतो. व्याख्यानापूर्वी वक्त्याला खोलीत कोंडून ठेवतात अशीही तिथली आख्यायिका आहे. १८४६ साली चार्ल्स व्हीट्स्टन हे शास्त्रज्ञ व्याख्यानाच्या ऐन वेळी पळून गेले, म्हणून ही रीत पडली असे सांगतात. आपण कोणाला कोंडू नये, एवढे कळकळीने सुचवतो. परंतु परिचय छापून नोटिशीतच द्यावा, ही गोष्ट कोणालाही जमण्यासारखी आहे. आमच्या नोटिशीत वक्त्याविषयी सहा ओळी असतात आणि सभेत अध्यक्ष फक्त नाव व विषय सांगतात. सुरुवातीला वक्त्यांना हे रुक्ष वाटेल या शंकेने मी फोनवर आधी कल्पना देत असे. सतरा वर्षांत एकाच वक्त्याने नाराजी दाखवली, आणि त्यांचेही म्हणणे असे होते की सहा ओळींत त्यांची दोन पुस्तके राहून गेली.

आता हे सर्व कुठे लागू पडते आणि कुठे नाही, ते सांगणे आवश्यक आहे. आपले मंडळ लहान गावात असेल आणि जागा, वीज किंवा छपाई कोणा दात्याच्या आधाराने चालत असेल, तर शाल पूर्ण बंद करणे शहाणपणाचे ठरणार नाही. आपल्याकडे पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवणे हा उद्धटपणा समजला जातो, आणि ती भावना खोटी नाही. त्यासाठी वर्षातून एक दिवस राखून ठेवावा. आमचा वर्धापनदिन तसा आहे: दाते, पंचाहत्तरी गाठलेले सभासद, वर्षातल्या सर्वोत्तम टिपणाचा लेखक यांचे सत्कार त्या दिवशी मनसोक्त होतात, भाषणे होतात, शेवटी मसालेभात आणि जिलबी असते, आणि त्या दिवशी मुद्दाम व्याख्यान ठेवत नाही. रॉयल सोसायटीचाही वार्षिक दिवस ३० नोव्हेंबर आहे आणि पदके त्या दिवशी देण्याची चाल आहे. मोठ्या संस्थांनाही दोन्ही गोष्टी एका दावणीला बांधता आलेल्या नाहीत. लोकप्रतिनिधी अचानक आले तर काय करावे, हा पेच आमच्याकडे दोनदा आला. दोन्ही वेळा आम्ही त्यांना पहिल्या रांगेत बसवले, व्याख्यान संपल्यावर बोलण्याची विनंती केली, आणि दोन्ही वेळा ते शेवटपर्यंत बसले. दर वेळी तसेच होईल याची खात्री देता येत नाही.

दुसरी परिस्थिती म्हणजे सभासदांची संख्या वाढवणे ही संस्थेची गरज असणे. नोंदणीकृत संस्थेला गणपूर्ती लागते, वर्गणी लागते आणि वार्षिक सभेत हात वर करणारी माणसे लागतात. असे असेल तर टिपणाची अट सर्वांना लावू नका. आम्ही दोन वर्ग केले: वर्गणी भरणारा वाचक-सभासद आणि टिपण वाचलेला अभ्यास-सभासद. मतदानाचा हक्क दोघांनाही आहे. वहीत सही फक्त दुसऱ्याची. मात्र हा फरक घटनेत नीट लिहून घ्या, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध येणारी घटनादुरुस्ती असेल तर जाणकार वकिलाला आधी विचारा. एका बाबतीत मात्र कडक राहा. टिपणाची अट कोणाला दाराबाहेर ठेवण्याचे हत्यार होता कामा नये. आज मुंबईची एशियाटिक सोसायटी म्हणून ओळखली जाणारी संस्था १८०४ साली निघाली, पण पहिली काही दशके तिथे एकही भारतीय सभासद नव्हता. पुढे १८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. ज्यांच्या भाषांचा आणि लेखांचा अभ्यास चालला होता, तेच इतकी वर्षे बाहेर होते. आमच्याकडे शिक्षण कमी म्हणून संकोचणाऱ्या एका पाथरवटांकडून आम्ही टिपण तोंडी घेतले आणि कार्यवाहाने ते उतरवून घेतले. छिन्नीच्या खुणांवरून दगड कोणत्या हत्याराने घडवला हे त्यांनी ज्या प्रकारे दाखवले, ते पदवीधरांपैकी कोणालाही जमले नसते.

सभेत वाचणे आणि पुढे छापणे यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या मंडळींतून मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली, दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते, आणि सभेत वाचलेले निबंध ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकातून वाचकांपर्यंत जात. १९१० साली पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, तेव्हा सभासदांनी पाक्षिक सभेत वाचायचे, त्यावर वाद व्हायचा आणि त्यातले टिकेल ते वार्षिक इतिवृत्तात छापायचे, अशी पद्धत रूढ झाली. ती जुनी इतिवृत्ते चाळली तर एखाद्या पानाचे टिपण दिसते, ज्याच्यावाचून आज एखाद्या गावाचा इतिहास लिहिता येणार नाही. सन्मानांची यादी मी तिथे कधी शोधली नाही. याउलट मोठ्या जनसमुदायासाठी व्याख्याने हवी असतील तर न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला हा वेगळा नमुना आहे. तिथे श्रोता सभासद असण्याची गरजच नाही. आपल्याला यांपैकी नेमके काय हवे आहे, हे कार्यकारिणीने एकदा बसून ठरवावे. दोन्ही हवे असतील तर दोन निराळ्या संध्याकाळी ठेवा.

आमच्या सभेचे वेळापत्रक देतो, त्यातून घ्यावेसे वाटेल ते घ्या. साडेपाचला घंटा, समोर पाच माणसे असली तरी. पाच मिनिटांत मागील सभेचे इतिवृत्त, सहा मिनिटांत सह्या, सात मिनिटांत टिपण, पाच मिनिटांत त्यावर प्रश्न. पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी वक्ते उभे राहतात, पन्नास मिनिटे बोलतात, त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे चर्चा. आभार एका मिनिटात. सव्वासातला चहा, आणि खरी चर्चा तिथेच होते. वक्त्याचे प्रवासभाडे आणि मानधन असलेले पाकीट त्यांना सभेपूर्वीच द्यावे. सभा संपल्यावर गर्दीत ते राहून जाते आणि मागणे त्यांना अवघड वाटते. व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण त्यांच्या परवानगीने करावे आणि महिन्याच्या आत लेख मागावा. महिना उलटला की तो येत नाही.

शेवटी आपल्या तातडीच्या अडचणीविषयी. पुढच्या सभेत सात जणांच्या सत्काराची निमंत्रणे गेली आहेत आणि शाली आणून ठेवल्या आहेत, असे आपण लिहिले आहे. दिलेला शब्द मोडू नका. एवढेच करा की साती जणांना आजच फोन करून सांगा, शाल व्याख्यानानंतर अध्यक्षांच्या हस्ते एकत्र दिली जाईल, मनोगते नसतील, आणि आपल्यापैकी ज्याच्याकडे घरातला एखादा जुना कागद, नाणे किंवा छायाचित्र असेल त्याने ते सोबत आणावे. साती जणांनी काही आणले तर प्रवेशदाराजवळ एक मेज मांडा. दोघांनीच आणले तरी मेज मांडा, आणि वक्त्यांना ते सभेपूर्वी दाखवा.